तीन मिलिमीटरचं भोक

बाबा : स्पेअर? पत्र्याच्या तुकड्याला स्पेअर कशाला लागतो? तो काय टायर आहे पंक्चर व्हायला?

लेक : असावा हाताशी एक जास्तीचा, बस्स. एवढे प्रश्न का विचारताय बाबा?

बाबा : कारण तू सकाळी सकाळी घरात न जाता मागच्या दाराने थेट शेडमध्ये आलीस. आईला हाक नाही, चहा नाही. पहिल्याला काय झालं?

लेक : काही नाही झालं.

बाबा : वाकला?

लेक : नाही हो.

बाबा : तुमच्या लॅबमधल्या त्या नव्या मुलीने काही सांडलं त्याच्यावर? सगळं सांडते म्हणालीस ना ती?

लेक : ती बिचारी आता कमी सांडते. तुमचा पत्र्याचा मास्क उत्तम आहे. अगदी गुळगुळीत आहे. मला फक्त तसाच आणखी एक हवाय. दुपारच्या आत.

बाबा : दुपारच्या आत! उद्या तुझं भाषण, आज संध्याकाळची गाडी, आणि हिला दुपारच्या आत स्पेअर हवाय. बरं, दे तो पत्रा इकडे. नाही, तो नको, तो जाड आहे. त्या डब्याच्या मागचा. हां.

लेक : आणि बाबा, एक गोष्ट.

बाबा : बोला.

लेक : याला कानस लावू नका.

बाबा : काय लावू नको?

लेक : कानस. भोक पाडायचं, पुसायचं आणि द्यायचं.

बाबा : तुझी तब्येत बरी आहे ना?

लेक : बरी आहे.

बाबा : मी काय रस्त्यावर बसून डबे ठोकतो? चाळीस वर्षं फिटर होतो मी, चिमे. माझ्या हातून धारदार कड न मोडता एक वॉशरसुद्धा बाहेर गेलेला नाही.

लेक : माहीत आहे मला.

बाबा : ड्रिल पत्र्यातून पलीकडे गेलं की कडेला काय राहतं ठाऊक आहे? बर राहतो. करवतीसारखा. बोट फिरवलंस की रक्त. मागच्या वेळी तुझा मास्क मशीनवरून निघाला तेव्हा काय ध्यान दिसत होतं ते! मग मी गोल कानस घेतली, आतून फिरवली, मग बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून...

लेक : आतून?

बाबा : मग काय बाहेरून? भोक आतच असतं.

लेक : किती फिरवलीत?

बाबा : मन भरेपर्यंत.

लेक : अरे देवा.

बाबा : काय अरे देवा? हातात घेतल्यावर काय म्हणाली होतीस? ‘बाबा, हा दागिना झालाय.’ तुझेच शब्द.

आई : हा दागिना की काय चाललंय? आणि ही कधी आली? अगं, दाराला कडी काय असते, घंटा काय असते, काही आठवतंय का? चहा घे आधी. अहो, तुमचा कोट आला. बघा घालून.

बाबा : आत्ता? हात तेलाचे आहेत.

आई : मग लांबून बघा. बाह्या बरोबर आल्यात या वेळी. शिंप्याला मी बजावून सांगितलं होतं, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी मोठ्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसणार आहे, नीट शिव म्हणून.

लेक : आई, पहिली रांग पाहुण्यांसाठी असते.

आई : मग आम्ही कोण आहोत? यांनी तर सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय. न्हाव्याला सांगितलं. दाताच्या डॉक्टरला सांगितलं, तेही तोंडात हत्यारं असताना. तो बिचारा म्हणतोय ‘बोलू नका’, आणि यांचं चालूच, ‘माझ्या पत्र्यातून...’

बाबा : त्याला नीट समजलं पण! तुला अजून समजलेलं नाही.

आई : मला कोण समजावणार? तुम्ही दोघं काळे तुकडे हातात घेऊन एकमेकांकडे बघून हसता.

बाबा : ये इकडे, ऐक. ही समज काच. नखाएवढी. हिच्यावर आपली लेक एक थर देते. केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ. काच गरगर फिरवायची, वरून थेंब सोडायचा, पसरला थर.

आई : हिने? अहो, हिने बैठकीला रंग दिला होता तेव्हा भिंतीवरून ओघळ फरशीपर्यंत आले होते.

लेक : आई, तो रोलर खराब होता.

बाबा : ऐक गं मधे न बोलता. त्या थरावर ऊन पडलं की वीज होते. किती ऊन आत गेलं आणि किती वीज बाहेर आली, सगळा खेळ तिथे. शंभर वाटे ऊन आत गेलं, तर हिच्या काचेने त्यातल्या पंचवीस वाट्यांची वीज करून दाखवली. पंचवीस! यांच्या लॅबमध्ये आजवर कोणाला जमलं नव्हतं. बरोबर ना, चिमे?

लेक : हं.

बाबा : पण ऊन नेमकं किती आत गेलं हे कसं कळणार? उजेड काय, चारी बाजूंनी शिरतो. म्हणून वर झाकायला माझा काळा पत्रा, आणि त्यात बरोब्बर तीन मिलिमीटरचं भोक. जेवढं भोक तेवढंच ऊन. आता कळलं माझ्या भोकाचं महत्त्व?

आई : कळलं. पण ही का अशी बसलीये?

बाबा : कशी?

आई : चहात बघत. लहानपणी प्रगतिपुस्तक दप्तरात असलं की अशीच बसायची.

लेक : दमलेय जरा. तयारी चाललीये ना उद्याची.

आई : मला नको शिकवू. दमलीस की तू चिडतेस. आत्ता गोड बोलतेयस. काय झालंय?

लेक : काही नाही झालं गं.

बाबा : मलाही तेच सांगतेय मघापासून. काही नाही झालं, पण स्पेअर पाहिजे, दुपारच्या आत पाहिजे, आणि कानस लावायची नाही.

आई : कानस लावायची नाही?

बाबा : हो! विचार तिला.

आई : अगंबाई. अहो... पट्टी.

बाबा : कसली पट्टी?

आई : तिची शाळेतली. स्टीलची. विसरलात? कोपरे टोचतील पोरीला म्हणून तुम्ही चारी बाजूंनी घासून गोल केली होती. छान गुळगुळीत. आणि मग वर्षभर हिच्या सगळ्या रेघा आखूड. बाईंनी बोलावलं होतं मला. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे पण हिचा प्रत्येक त्रिकोण छोटा का असतो? शेवटी मी पट्टी बघितली तर शून्यच नाही तिच्यावर! शून्य तुम्ही कानशीने खाऊन टाकलेलं.

बाबा : त्याचं आत्ता काय?

आई : मला काय माहीत. हिलाच विचारा.

लेक : आई, तू कधीकधी फार शहाणी असतेस, आणि नेमकी नको तेव्हा.

बाबा : चिमे.

लेक : बाबा, आधी भोक पाडून घ्या ना. मग सांगते.

बाबा : मशीन बंद आहे. सांग आता.

लेक : तुम्ही रागावू नका.

बाबा : मी रागावलेलो नाही.

लेक : आणि वाईट वाटून घेऊ नका.

बाबा : ते मी ऐकल्यावर ठरवीन.

लेक : तीन दिवसांपूर्वी त्या नव्या मुलीने माझाच सेल, म्हणजे तीच काच, मोजला. तिला तुमचा मास्क सापडला नाही, म्हणून तिने खणातला जुना लावला. तर आकडा खाली आला. आम्हाला वाटलं, सेल खराब व्हायला लागला. या थरांचा स्वभावच तो, जरा दमट हवा लागली की मान टाकतात. मी बिचारीला ओरडले, पेटी उघडी ठेवलीस म्हणून. मग काल मी स्वतः मोजला. तुमच्या मास्कने पंचवीस. जुन्या मास्कने चोवीस. पुन्हा तुमच्या मास्कने पंचवीस. सेल तोच, उन्हाऐवजी लावतो तो दिवाही तोच.

बाबा : मग जुना मास्क खराब असेल.

लेक : मलाही तसंच वाटलं. म्हणजे, वाटून घेतलं मी तसं. आज उजाडल्या उजाडल्या लॅबमध्ये गेले आणि दोन्ही मास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. जुना तीनचा आहे बाबा. तुमचा तीनपेक्षा मोठा आहे.

बाबा : शक्य नाही. मी व्हर्नियर लावून तुला दाखवलं होतं. तुझ्यासमोर.

लेक : ते कानस मारायच्या आधी. नंतर पुन्हा लावलं होतंत का?

बाबा : ...किती मोठा?

लेक : साठ मायक्रॉन. एका केसाएवढा.

बाबा : साठ? मी कानस नुसती फिरवली होती गं!

लेक : मन भरेपर्यंत.

आई : थांबा. मला समजू दे. दुधाचा कप मोठा निघाला, दूध जास्त पडलं, म्हणून चहा जास्त झाला. आणि तू सगळीकडे सांगितलंस की मी एका कप दुधात एवढ्या जणांना चहा पाजते. असंच ना?

लेक : अगदी असंच. सर दोन तास शिकवतात ते हेच.

आई : म्हणजे पंचवीस नाहीच?

लेक : चोवीस आहे. चोवीससुद्धा चांगलंच आहे गं. पण चोवीस इतर दोघातिघांनी केलंय. पंचवीस होतं म्हणून तर मोठा हॉल मिळाला. पंचवीस होतं म्हणून सर म्हणाले, या वेळी मी बोलत नाही, तू बोल. एवढी वर्षं मी मागे बसून त्यांची चित्रं पुढे सरकवत होते.

बाबा : आणि हे सगळं साठ मायक्रॉनमुळे.

लेक : नाही बाबा, माझ्यामुळे. आमच्याकडे नियम आहे. नवा मास्क आला की आधी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, मग वापरायचा. मी तो सगळ्यांना शिकवते. तुमचा आला तेव्हा मी डब्यातून काढला आणि सरळ लावला.

बाबा : का?

लेक : का म्हणजे? तुम्ही केला होतात. तुमचं माप कोण तपासणार? मी?

आई : अहो, चहा प्या. गार होतोय.

बाबा : नको.

आई : थोडा तरी.

बाबा : नको म्हटलं ना. तुमच्या लॅबला स्वतःचं वर्कशॉप आहे. माझ्याकडे आलीस तेव्हा म्हणालीस, तिथे महिन्याची रांग आहे. तिथल्या माणसाने हा घोळ केला नसता. त्याला माहीत असतं, की असल्या कामाला कानस लावायची नसते. रांगेत थांबायचं होतंस ना गं.

लेक : आई, आता तूच सांग.

बाबा : काय? अशी आईकडे का बघतेस?

आई : माझ्याकडे नको बघू.

बाबा : रांग नव्हती?

आई : अहो, मीच सांगितलं होतं तिला. तुम्ही घरी बसलात आणि महिनाभरात घरातले सगळे चमचे घासून ठेवलेत. ट्रेचे कोपरे गोल केलेत. कुलपाच्या किल्लीला कानस मारलीत, दोन तास बाहेर उभे होतो आपण! मी फोनवर रडकुंडीला येऊन म्हटलं, बाई गं, बाबांना काहीतरी काम दे, नाहीतर एक दिवस ते मला घासून गोल करतील.

बाबा : म्हणजे मला खेळायला दिलं होतं.

लेक : बाबा, तसं नाही.

बाबा : तसंच. म्हातारा बसलाय रिकामा, द्या एक पत्रा हातात. आणि म्हाताऱ्याने गल्लीभर सांगितलं. दाताच्या डॉक्टरला! तोंड उघडं ठेवून!

लेक : पहिल्या वेळी तसं होतं. खोटं कशाला बोलू. पण आज मला कोणी पाठवलेलं नाही. आईला तर मी आल्याचं माहीतही नव्हतं. वर्कशॉप लॅबपासून दोन दारं सोडून आहे, आज उघडं आहे, तिथे कोणी रांगेत नाही. मी ते ओलांडून बस पकडून इथे आले.

बाबा : मला बरं वाटावं म्हणून.

लेक : अजिबात नाही! मला आज कोणाला बरं वाटवायला वेळ आहे का? हे बघा. ओळखता?

बाबा : हा... ट्रायलचा तुकडा आहे. आधी या तुकड्यावर ड्रिल घालून बघितलं होतं. टाकून का नाही दिलास?

लेक : तुमच्याच डब्यात तळाशी होता. याला तुम्ही कानस मारली नव्हतीत, कारण हा भंगारात जाणार होता. सकाळी हाही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तीन. तीन म्हणजे तीन, इकडे नाही तिकडे नाही. आमच्या वर्कशॉपमधला जुना मास्कसुद्धा एवढा गोल नाही, तो किंचित अंड्यासारखा आहे. तुमचं भोक बरोबर होतं बाबा. ते चुकलं ते तुमचं मन भरायला लागल्यावर.

बाबा : दाखव इकडे. चष्मा कुठाय माझा?

आई : डोक्यावर आहे.

बाबा : ...हं. बरा आलाय. मग हाच का नाही लावत?

लेक : हा तुकडा काचेपेक्षाही लहान आहे. सेल झाकत नाही, बाजूने उजेड शिरतो. म्हणून नवा पाहिजे, पूर्ण आकाराचा. आज सेल जिवंत आहे. त्याचा खरा आकडा मला निघायच्या आधी हवाय, आणि तुमच्या हातच्या मास्कने हवाय. सरांना नुसतं ‘चुकलं’ म्हणून सांगायचं नाहीये मला. चुकलं आणि बरोबर किती ते हे, असं सांगायचंय.

आई : म्हणजे सरांना अजून माहीत नाही?

लेक : नाही.

आई : आणखी कोणाला?

लेक : कोणालाच नाही. आपण तिघं.

आई : मग... मी एक बोलू का? रागावू नका दोघंही. उद्याचा एक दिवस जाऊ दे. तू बोलून घे. यांनी कोट घालू दे. परत आल्यावर सांग, सर, असं असं झालं. माणसाच्या हातून चुका होतात. कोणी फासावर देणार आहे का?

लेक : बसमध्ये बसून मीही हाच विचार करत आले. अर्धा रस्ता.

आई : आणि उरलेला अर्धा?

लेक : उरलेला अर्धा रस्ता असा विचार करत आले, की बाबांना कसं सांगू.

बाबा : फोन लाव.

आई : अहो, तिला निदान...

बाबा : तू थांब गं. चिमे, सरांना फोन लाव. आत्ता. मास्क होईल तेव्हा होईल, आधी फोन. तो माणूस उद्या दोनशे लोकांसमोर मान ताठ करून बसणार आहे तुझ्या भरवशावर. त्याला आज माहीत पाहिजे.

लेक : भाषण जाईल बाबा.

बाबा : जाईल.

लेक : तुम्हाला वाईट नाही वाटणार?

बाबा : वाटेल की. खूप वाटेल. कोटाचे पैसे दिलेत. लाव फोन.

(लेक फोन लावते. पलीकडचा आवाज शेडमध्ये ऐकू येत नाही.)

लेक : सर, नमस्कार. हो, तयारी झाली. नाही, म्हणजे झाली होती. सर, पंचवीस नाहीये. ... सेल नाही सर, सेल ठणठणीत आहे. मास्कचं भोक मोठं आहे. ... साठ मायक्रॉन. ... मी मोजलं नव्हतं. ... हो. ... हो सर, मीच शिकवते. ... नाही, बाबांनी बरोबर पाडलं होतं, नंतर कड मोडली त्याची. टोचू नये म्हणून. ... सर? ... सर, तुम्ही हसताय का?

आई : हसतोय?

बाबा : शू!

लेक : ... हो. ... चोवीस, जुन्या मास्कने. नव्याने दुपारी मोजते. ... बरोबर आहे, हॉल त्यांना परत करायलाच हवा. ... कळलं. ... पोस्टर? आत्ता? ... करते सर. ... हो, आईबाबा येतायत. ... सांगते. ... ठेवते.

आई : काय म्हणाले? ओरडले?

लेक : आधी हसले. मग म्हणाले, मी तुझ्याएवढा असताना मास्कच उलटा लावून सहा महिने काढले होते. मग ओरडले. त्या नव्या मुलीची माफी माग म्हणाले, आज, सगळ्यांसमोर.

बाबा : ते बरोबरच आहे.

लेक : मोठा हॉल गेला. आयोजकांना ते आत्ताच कळवतायत. मला पोस्टर मिळालंय, तेही सरांनी शब्द टाकला म्हणून. बाहेरच्या गॅलरीत. भिंतीला कागद लावायचा आणि शेजारी उभं राहायचं. कोणी थांबलं तर त्याला समजावायचं.

आई : कोणी नाही थांबलं तर?

लेक : तर उभं राहायचं.

आई : खुर्च्या असतात का तिथे?

लेक : नसतात. आई, तुम्ही कशाला येताय आता एवढ्या लांब? तिकिटं परत करू. गॅलरीत काय बघणार?

बाबा : आम्ही येतोय.

लेक : अहो, सगळे चहाचा कप हातात घेऊन पुढे निघून जातात. दुपारभर पाय दुखतात.

बाबा : मी चाळीस वर्षं मशीनपाशी उभा होतो, गॅलरीत उभं राहायला काय धाड भरलीये? तू त्या भिंतीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. एकही माणूस न थांबता जाणार नाही. हाताला धरून आणतो.

आई : हे आणतील हं. दाताच्या डॉक्टरला विचार.

लेक : आणि कोट?

बाबा : कोट घालणार म्हणजे घालणार! भिंतीला टेकलो तरी घालणार. पण एक कर. ते शेवटी आभार म्हणून माझं नाव लिहिलं होतंस ना, ‘मास्क : बाबा’ म्हणून. ते काढून टाक.

लेक : नाही काढणार.

बाबा : अगं, कशाला शोभा?

लेक : शोभा काय त्यात? नव्या मास्कने मोजणार आहे ना? तो कोणी केला म्हणून लिहू? फक्त पोस्टरवर आभार खाली कोपऱ्यात येतात. अगदी बारीक अक्षरात.

बाबा : बारीकच बरं. चला, हटा दोघी. मशीन चालू करतो. चिमे, ते दोन जाड पत्रे दे. आपला पातळ पत्रा या दोघांच्या मध्ये दाबून धरायचा आणि तिन्हींतून एकदम ड्रिल घालायचं. म्हणजे बर बाहेरच्यांना येतो, मधल्याला कमी.

लेक : हे मागच्या वेळी का नाही केलंत?

बाबा : मागच्या वेळी कानस होती ना! हां... हळू... हळू... झालं. बघ. गोल आहे?

लेक : गोल आहे.

बाबा : व्हर्नियर लाव. मी नाही, तूच लाव. वाच मोठ्याने.

लेक : तीन.

बाबा : लॅबमध्ये गेलीस की पुन्हा मोज. सूक्ष्मदर्शकाखाली.

लेक : मोजते.

बाबा : बाबांनी केलंय म्हणून तसंच लावू नको.

लेक : नाही लावणार.

आई : अहो, काय करताय? ती कानस कशाला उचललीत?

बाबा : घे, ही तू धर. गोलही धर, चपटीही धर. आणि पॉलिश पेपर. सगळं घरात ने. ही बसमध्ये बसेपर्यंत माझ्या हाती देऊ नको.

आई : इतका भरवसा नाही?

बाबा : अगं, इथे एक बारीकसं कुसळ राहिलंय कडेला. दिसतंय मला. जीव नुसता खालीवर होतोय.

लेक : राहू दे बाबा. त्याने उजेड अडत नाही, मी बघितलंय.

बाबा : उजेडाचं कोण बोलतंय? तू चार वर्षांची होतीस. इथेच, या टेबलाखाली बसून पत्र्याच्या कातरणाशी खेळत होतीस. हे बोट. अजून वण आहे बघ.

लेक : आहे. मला तर आठवतही नाही.

आई : यांना आठवतं. तेव्हापासून तर हे सगळं सुरू झालं. चमचे, पट्टी, किल्ली. त्याआधी चांगले होते.

बाबा : जा आता, बस चुकेल. थांब, असा नको नेऊ, कागदात गुंडाळतो. कागद पुरणार नाही, फडकं दे गं एक. हां. दप्तरात वरच्या खणात ठेव, आणि काढताना बघून काढ.

लेक : दप्तर काय बाबा! मी आता दप्तर नेत नाही.

बाबा : तेच ते. चिमे...

लेक : हं?

बाबा : जपून धर गं. याची कड मी मोडलेली नाही.